नकाशावरची पिन

सकाळी साडेनऊला वायरलेसवर जीपचा आवाज येणं बंद झालं. जीपमध्ये कॉलऱ्याची लस, एक कंपाउंडर आणि आमचा वायरलेस सेट होता. वरवट बकालला माणसं जुलाबाने आडवी पडली होती आणि पूर्णेला पाणी चढत होतं.

मी तेव्हा बुलडाण्याला वायरलेस ऑपरेटर होतो. जीपने दर अर्ध्या तासाला ‘पोझिशन’ द्यायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगायचं. मी ते लॉगबुकात वेळेसह लिहायचं आणि भिंतीवरच्या नकाशात पिन हलवायची. मदत कुठे पाठवायची ते ठरवणारे आमचे साहेब फक्त पिन बघत. शेवटची पिन पूर्णेच्या अलीकडे होती.

सव्वादहाला ट्रंक कॉल आला. नांदुऱ्याच्या पोस्टातून वानखडे मास्तर बोलत होते. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि ‘हॅम’ होते, म्हणजे हौसेखातर परवाना काढून रेडिओ चालवणारे. भंगारातल्या व्हॉल्व्हचा सेट, दोन कडुनिंबांमध्ये ताणलेली तार, आणि त्यावर म्हणे जपान ऐकू येई. साहेब येता-जाता मला सुनवायचे, ‘शिका काही मास्तरांकडून.’ मी रीतसर ट्रेनिंग घेतलेला माणूस. मास्तरांचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं.

मास्तर म्हणाले, “जीप मी ऐकून राह्यलो होतो. नदी पार झाली, पन वरवटच्या अलीकडे दोन नाल्यांच्या मधात फसली. बॅटरी उतरली, तुमच्यापर्यंत आवाज येत नसन.”

माझा सेट मुका आणि याचा बोलतोय! अंगाचा तिळपापड झाला.

“खाजगी खबरेवर आमाले पिन हलवता येत नाही, मास्तर,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता.

साहेब आले. त्यांनी पिन पाहिली आणि नांदुऱ्याहून ट्रॅक्टर नदीच्या अलीकडच्या काठावर पाठवला. मास्तरांच्या फोनचं मी त्यांना सांगितलं नाही. दुपारी एकला निरोप आला की काठावर जीप नाही. आता साहेबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मास्तरांचा पुन्हा फोन आला आणि तो साहेबांनीच उचलला. मग नदीपलीकडच्या जळगाव जामोदला फोन गेला, तिथून वरवटला निरोप पोचला आणि वरवटच्या लोकांनी बैलजोड्या लावून जीप ओढली. सकाळी पोचायची लस चारला पोचली. तेवढ्या वेळात कोणी दगावलं नाही, यात माझं कर्तृत्व काही नाही.

आधी का कळवलं नाही, असं साहेबांनी फोनवर विचारलं होतं. लाइन लागत नव्हती, असं मास्तरांनी सांगितलं म्हणे. म्हणजे त्यांनी मला वाचवलं. मी आणखीच जळलो. चांगुलपणातही हाच पुढे!

संध्याकाळी साहेबांनी लॉगबुक मागवलं. आमच्या हाताला एक सवय असते. राँग नंबर आला तरी आधी वेळ आणि नाव लिहायचं, मग बोलायचं. ‘१०.१५, नांदुरा, वानखडे मास्तर.’ अक्षर माझंच होतं.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. उठून नकाशातली पिन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“उद्या नांदुऱ्याला जा,” ते म्हणाले. “मास्तरांसमोर बसा आणि ऐकायला शिका.”

गेलो. मास्तरांनी चहा पाजला, कालचा विषयही काढला नाही आणि हेडफोन माझ्या कानाला लावून दिला. जपान खरोखर ऐकू येत होतं. पोटात पुन्हा दुखलं.

हेवा माणसाने करावा. फक्त ड्यूटी संपल्यावर करावा.