खंडेनवमीला पाहिलेलं इंजिन

चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं मी इंजिनाचे पार्ट तपासतो. केसाएवढा ओरखडा दिसला तरी अख्खी पेटी परत पाठवतो. पाठीमागे लोक शिव्या घालतात, त्या मला ऐकू येतात आणि खरं सांगायचं तर बऱ्याही वाटतात.

म्हणूनच धाकट्या भावाने इंजिन बघायला मला सोबत नेलं. तो गावी, मावळात, धरणाकाठी राहतो. पलीकडच्या वस्तीवरचं दूध होडीतून अलीकडे आणून डेअरीच्या गाडीत घालतो. वर्षानुवर्षं वल्ही मारून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. शर्ट घालतानाही तोंड वाकडं व्हायचं. वल्ह्याला आता हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात तळेगावच्या पुढे एका शेतकऱ्याकडे होडी आणि तिच्या मागे लावायचं जुनं इंजिन विकायला आहे, असं कळलं.

मला सुट्टी मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. सकाळी कंपनीत मशिनींची पूजा झाली. नारळ मीच फोडला आणि कपाळावरचं कुंकू न पुसताच, गेटवर येऊन थांबलेल्या भावाला मागे बसवून बाइकवर निघालो.

वाटेत मी त्याला ज्ञान पाजत होतो. इंजिन गार असताना एकदोन ओढीत चालू व्हायला पाहिजे. खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवून चालवायचं आणि मागून पाण्याची धार पडते का ते बघायचं. धार नसेल तर आतला पंप गेलेला, इंजिन तापून बसणार. तो मागून हं हं करत होता.

गोठ्याशेजारी लाकडी घोडीवर इंजिन टांगलेलं. धुऊनपुसून लख्ख, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली. खाली पाटावर कोयता, विळे, पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर मांडलेले.

"काका, जरा दोरी ओढून बघू का?" मी म्हणालो.

"आज?" म्हातारा माझ्या कपाळाकडे बघत म्हणाला. "आज हत्यारं इसाव्याला बसल्यात. आज दोरी वढायची न्हाई. तुमच्या कंपनीत चालवत्यात का आज मशिनी?"

माझं कपाळच त्याच्या बाजूने साक्ष देत होतं. स्क्रू ड्रायव्हर मागायचीही सोय नव्हती, तो पूजेत बसलेला. पंखा हाताने फिरवला, पाती चाचपली, रंग बघितला. चहा झाला. दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि भावाला मुहूर्तावर होडी घरी न्यायची होती.

"कसं वाटतंय, दादा?"

चार दिवसांनी परत येऊ, एवढंच म्हणायचं होतं. पण परत रजा मागायची, परत काळेवाडीच्या घरून एवढं लांब यायचं. मी म्हणालो, "ठीक वाटतंय." कंपनीत कुणी असं उत्तर दिलं तर मी त्याला आडवा घेतो.

आठवड्याच्या आत गावाहून फोन आला. इंजिन झोकात निघालं आणि मधोमध धूर सोडून बंद पडलं. दुधाचे भरलेले कॅन घेऊन भाऊ त्याच खांद्याने वल्ही मारत काठाला लागला. गाडी निघून गेली होती. मी पोचलो तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

मी पंप उघडला. आतल्या रबरी चक्राचा वाळून चुरा झाला होता. मला भयंकर संताप आला, म्हाताऱ्याचा, मुहूर्ताचा, सगळ्यात जास्त माझा. पण काढला तो भावावर.

"अरे, वाटेत घसा फोडून सांगितलं होतं तुला! मागे धार पडत नाही, हे दिसलं नाही?"

"दिसलं की," तो म्हणाला. "निघाल्या निघाल्याच दिसलं. पर म्हटलं, दादानं बघून घेतलंय. ह्याचं असंच असंल."