जिलानी सरांची वाळू

फाट्यावर रास्ता रोको होता, म्हणून आम्ही एसटीतून उतरून पायी निघालो, त्याला आता बराच वेळ झाला होता. अर्धापूर मागं पडलं होतं. दोन्ही अंगांनी केळीच्या बागा आणि मधून कालव्याची वाट. जिलानी सरांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. पाय बाहेरून फिरवून टाकत ते चालतात.

"बाई, तुम्ही हळू चाला," ते म्हणाले, "म्हणजे लोकांना वाटंल मी तुमच्यासाठी थांबून राहिलो."

त्या दिवशी त्यांनी केलेली थट्टा तेवढीच.

मी नांदेडला चष्म्यासाठी गेले होते. ते गेले होते दीपमालाच्या खांद्याचा एक्स-रे दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवायला. दीपमाला आमच्या शाळेत दहावीला, सरांच्या संघाची गोलकीपर. मी तिला मराठी शिकवते. तिचं हाड मोडून तीन-चार महिने झाले होते, ऑपरेशनही झालं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, हाड जुळलंय, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही. बसस्टँडवर सरांनी मला एवढं सांगितलं आणि मग अर्धापूर येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसले.

सर मूळचे उदगीरचे. वडील पिंजारी, गाद्या भरून द्यायचे. लहानपणी दुकानात कापसाचा ढीग असायचा आणि हे त्यावर माळ्यावरून उड्या मारायचे. पडायची भीती तिथंच गेली. पोरं फुटबॉल खेळायला लागली तेव्हा गोलात उभं राहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून यांना उभं केलं. पुढं नांदेडच्या एका क्लबकडून खेळत असताना मुंबईहून आलेल्या एका माणसानं त्यांना पाहिलं. तो समुद्राच्या वाळूवरच्या फुटबॉलसाठी, बीच सॉकरसाठी, मुलं शोधत होता.

सरांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. मला सांगायचे, पहिल्या दिवशी पाण्याकडं लक्षच गेलं नाही, खाली बसून वाळूच हातात घेतली. आपल्या मांजरा नदीची वाळू जाड, पायाला बोचणारी. ही मैद्यासारखी. त्यांना वाटलं, ही तर गादी हाय.

या खेळात एका बाजूला पाच जण, सगळे अनवाणी. वाळूवर चेंडूचा भरवसा नसतो, टप्पा पडला की तो कुठंही जातो. म्हणून गोलकीपरनं गोलात वाट बघत उभं राहायचं नसतं. पुढं यायचं आणि टप्पा पडायच्या आत चेंडू घ्यायचा. सर त्यात तरबेज झाले. राज्याकडून खेळले, गोवा झालं, केरळ झालं. देशाच्या संघाच्या सरावाला बोलावणं आलं आणि त्याच पावसाळ्यात गुडघा गेला. मग उदगीरला भावाच्या दुकानात गाद्यांना टाके घालत त्यांनी काही वर्षं काढली. त्या वर्षांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. आमच्या शाळेत मानधनावर क्रीडाशिक्षक हवा होता, तेव्हा आले.

मुलांना क्रिकेट हवं होतं. सरांनी मुली घेतल्या.

त्या वर्षी गोदावरीच्या घाटाचा लिलाव झाला होता, वाळू मिळत होती. केळीवाल्या पालकांनी आपापले ट्रॅक्टर दिले आणि मैदानाच्या एका बाजूला मुरमावर गुडघाभर वाळू पडली. गाव हसायचं. वाळूत पैसा असतो सर, अन् तुम्ही त्यात पोरी लोळवून राहिले, असं लोक तोंडावर म्हणायचे. सर नुसते मान हलवायचे. दर आठवड्याला प्लास्टरची चाळणी लावून मुली ती वाळू चाळायच्या, बाभळीचे काटे आणि काचा वेचायच्या. वाळूच्या कडेला चपला काढायची पद्धत पडली होती. मुख्याध्यापकसुद्धा काढायचे.

दीपमाला केवळाबाईंची धाकटी लेक. वर्गात आवाज निघत नसे तिचा. गोलात मात्र ती सगळ्या मुलींवर ओरडायची, मला व्हरांड्यात ऐकू यायचं. सर म्हणायचे, हिला शिकवावं लागत नाही, फक्त आडवं यायचं नाही.

मग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपाचं काम निघालं. खांब उभे राहिले, स्लॅब पडला आणि वाळू संपली. घाटाचा लिलाव बंद होता. चोरून आणलेली वाळू देवाला नको, असं सगळ्यांचं मत पडलं. एका सकाळी देवस्थानचे भुजंगराव आणखी दोघांना घेऊन मैदानावर आले, कडेला चपला काढल्या आणि सरांना म्हणाले, देवाचं काम अडून राहिलंय, तुमच्याकडची थोडी द्या, दिवाळीनंतर घाट सुटला की पहिला ट्रॅक्टर तुमचा. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सरांनी हो म्हटलं.

आज चालता चालता मी त्यांना म्हटलं, एक दिवस तरी मागून घ्यायचा होता.

"दुसरं कोणी असतं तर विचार करून सांगतो म्हणालं असतं," सर म्हणाले. "मी विचार करायला वेळ मागितला असता, तर बाई, जिलानीनं देवाच्या कामाला विचार केला, एवढंच लोकांनी धरलं असतं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आन खरं सांगू का, बरं बी वाटलं. माझ्याकडं मागितलं त्यांनी."

दिवाळी गेली, घाट सुटला नाही. भुजंगराव लबाड माणूस नव्हे, ते तहसीलला खेटे घालत होते. सरांनी उरलेली वाळू दोन्ही गोलांपुढं ओढून घेतली, कारण गोलकीपर तिथंच जास्त पडतो. मधल्या पट्ट्यात मुरमावर नुसता पातळ थर राहिला. वरून बघणाराला काही कळत नव्हतं. मुलींना त्यांनी सांगितलं नाही, चाळणीही ते एकटेच लावायला लागले. मुली घरी बोलल्या असत्या, गावात चर्चा झाली असती.

राज्याच्या निवड चाचणीला आठवडा उरला होता. सरावात एक उंच चेंडू मधल्या पट्ट्यात आला. दीपमाला गोल सोडून धावत पुढं आली आणि तिनं झेप घेतली. मी व्हरांड्यात होते. तो आवाज मी ऐकला.

आम्ही सगळे धावलो. भुजंगराव रस्त्यानं जात होते, तेही आले. पोरगी पांढरी पडली होती. तिच्या खांद्याखालची वाळू सरकून तांबडा मुरूम उघडा पडला होता. भुजंगरावांनी तो पाहिला, सरांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. कोणीतरी विचारलं, कसं झालं.

"गोल सोडून पुढं येऊ नको म्हणून किती वेळा सांगितलं हिला," सर म्हणाले.

दीपमालानं त्यांच्याकडं पाहिलं. नांदेडपर्यंत जीपमध्ये केवळाबाई तेच वाक्य घोळवत राहिल्या, सरांचं ऐकायचं नव्हतं का, ऐकायचं नव्हतं का. पुढं पोरीनंच ते उचललं. हात गळ्यात बांधून शाळेत आली, मी विचारपूस केली, तर पाठ केल्यासारखी म्हणाली, मी सरांचं ऐकलं नाही म्हणून असं झालं. त्यानंतर ती मैदानाकडं फिरकली नाही. बाकीच्या मुलीही एक एक करून गळाल्या. सर संध्याकाळी एकटेच जाऊन कडेला उभे राहायचे. पुढच्या महिन्यापासून लातूरच्या एका अकादमीत ते जाणार, हे ठरलं होतं.

मला तरी खेळातलं काय कळतं. मीही ते वाक्य खरंच धरलं होतं.

कालव्याच्या पुलापाशी दिवस कलला, अस्रची वेळ झाली. सरांनी पाण्यानं हातपाय धुतले आणि रुमाल अंथरून नमाजला उभे राहिले. गुडघ्यामुळं ते खाली टेकतात तेव्हा एका हाताचा आधार घेतात. मी लिंबाखाली बसून मारुतीचं नाव घेत होते. दर शनिवारी मी त्या मंडपात बसते. गुळगुळीत कोबा आहे, उन्हाळ्यातही थंड असतो, बसलं की बरं वाटतं. नाव घेता घेता तो कोबा, त्यातली वाळू डोळ्यांपुढं आली आणि नाव तिथंच राहिलं.

सर रुमाल झटकून माझ्यापासून जरा अंतरावर येऊन बसले.

"बाई, ती बरोबर आली होती."

मला आधी समजलं नाही.

"मीच शिकवलं होतं तिला पुढं यायला. पाऊल बरोबर, हात बरोबर, खांदा बरोबर. मी असतो तर मी बी तिथंच पडलो असतो."

"मग त्या दिवशी तसं का म्हणालात?"

"मुरूम उघडा पडला होता. समोर भुजंगराव. वाळू कुठं गेली म्हणून कोणी विचारलं असतं, तर माझ्या तोंडातून देवळाचं नाव निघालं असतं. सगळ्या गावापुढं, माझ्या तोंडातून." ते कालव्याकडं बघत होते. "पोरीचं नाव सोपं होतं."

देवाला त्या वाळूचं कुठं पडलं होतं, असं मनात आलं, पण तसं म्हणणं मला सोपं आणि त्यांना अवघड, म्हणून चपला पायात सरकवल्या. आम्ही उठलो. गाव दिसायला लागलं. केवळाबाईंचं घर अलीकडच्याच आळीत आहे. तिथं वाट फुटते त्या जागी सर थांबले.

"आज सांगून टाकतो. लातूरला गेलो की व्हायचं न्हाई. हात वर जाणार न्हाई, हे बी सांगायचंय, आन ती चुकली नव्हती, हे बी. पहिलं सांगितलं की केवळाबाई रडायला लागंल. मी मला वळखतो बाई, तेवढंच सांगून मी उठंन." त्यांनी दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. "तुम्ही संगं चला. बोलू नका काही. मी उठायला लागलो, की मला खाली बसवा."