रापीआक्काचा पट्टा

आमची आत्या कापडाला कात्री लावत नसे. गोधड्या शिवणारी बाई आणि घरात कात्री नाही, हे ऐकून नवखं माणूस हसायचं. मग ती त्याच्यासमोर जुन्या लुगड्याचे सहा पदर एकावर एक ठेवायची, डाव्या हाताचा पंजा वर दाबायची आणि रापीच्या एका ओढीत सहाच्या सहा पदर असे उतरवायची, की हसणाऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. रापी म्हणजे चामडं कापायचं हत्यार. रुंद पात्याचं, मुठीत मावणारं. आमच्या गावात, धावड्यात, तिला सगळे रापीआक्का म्हणत. मी आत्या म्हणायचो. तिच्याविषयी लिहावं असं पुष्कळदा मनात आलं आणि प्रत्येक वेळी पेन खाली ठेवला. कारण लिहायला बसलो की मध्ये ती एक दुपार येते. त्या दुपारी मी काय केलं ते मागच्या महिन्यापर्यंत कुणालाही, बायकोलाही, सांगितलेलं नव्हतं. आज लिहितो.

रापी तिला बाजारच्या दिवशी जोडे शिवायला बसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिली होती. ही एक्क्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. नवरा वारल्यावर ती माहेरी, म्हणजे आमच्या घरी, राहायला आली होती आणि गावातल्या बायकांना गोधड्या शिवून द्यायची. जाड कापडावर कात्री चालवून तिच्या बोटांना फोड आलेले त्या म्हाताऱ्यानं पाहिले. म्हणाला, "बाई, कात्री दोन पदरांची. सहा पदर कापायचे तं ही घे." शेतकऱ्याच्या घरच्या बाईनं असलं हत्यार हाती धरावं, हे गावात अनेकांना रुचलं नाही. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर मुळीच नाही. ते तिचे थोरले भाऊ. पारावरून कुणी टोमणा मारायचं, "काय आक्का, चपला कधी करून राह्यल्या?" ती चालता चालताच म्हणायची, "तुझ्या तोंडाला दोन टाके घालायचे राह्यले. ते झाले की करते."

पण तिचा जीव रापीत नव्हता. रापीखाली काय अंथरायचं, यात होता. "हात चुकत न्हाई, खालचं चुकतं," हे तिचं वाक्य आमच्या घरात इतकं मुरलेलं होतं की पोळी फाटली तरी आई पोळपाटाकडे बघायची. आत्यानं सुरुवातीला लाकडी पाट वापरून पाहिला. "लाकडाची रेघ आपल्या वळणानं जाती, अन् पातं तिच्या मागं." शहाबादी फरशीवर धार मरते. गोणपाट गोळा होतो. ट्रकच्या टायरचा तुकडा कुणीतरी आणून दिला, तो पालथा घातला तरी डोलायचा. कुठलीही वस्तू समोर आली की तिची परीक्षा सुरू. आधी नख रोवायची आणि खूण भरून यायला किती वेळ लागतो ते पाहायची. मग ओला तळहात फिरवायची. शेवटी रापीच्या मुठीनं ठोकून कान लावायची. "वाजतं ते नको. जे वाजतं ते पात्याला परत ढकलतं."

या परीक्षेत एकच वस्तू पास झाली. भोकरदनच्या एका जिनिंगमध्ये सरकी वाहून नेणारा रबरी पट्टा तुटला होता. त्याचा हातभर रुंद आणि दोन हात लांब तुकडा तिनं मागून आणला, गुंडाळी करून डोक्यावर घेतला आणि यष्टीत चढली. मी बरोबर होतो, म्हणून हे संभाषण मला पाठ आहे.

कंडक्टर म्हणाला, "आक्का, हे काय रोडरोलरचं चाक घेऊन चालल्या का? लगेज पडंल."

"तुझ्या शिटापेक्षा मऊ हाय. बसून पाह्य, मंग लगेज घे."

तो खरंच बसला. गाडी हसली, आणि लगेज पडलं नाही. घरी आल्यावर तिनं पट्टा राखेनं घासला, उन्हात टाकला आणि पहिला काप दिला. पातं आत गेलं आणि बाहेर आलं, तरी रबरावर काप शोधावा लागत होता. दुसऱ्या दिवशी तर तो मिटूनच गेला. आत्या दोन्ही हात गालाला लावून बसून राहिली. "पाह्य रे," मला म्हणाली, "घाव घेतंय अन् गिळून टाकतंय."

खालचं पाहायची ही सवय तिनं माझ्या लग्नातही सोडली नाही. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येईपर्यंत सगळे हवापाण्याचं बोलत होते आणि आत्यानं हळूच सतरंजीचा कोपरा उचलून पाहिला. मी लाजेनं मेलो. परतताना दादांनी विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "करून टाका. सतरंजीखाली झाडलेलं हाय." तिचा तो निवाडा आजवर खोटा ठरलेला नाही.

तोवर मी जालन्यात नोकरीला लागलो होतो. नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात. शर्ट इस्त्रीचा, मोटारसायकल नवी. सत्त्याण्णव साली मीच तिला एक काम आणून दिलं. शहरातल्या एका दुकानाला तान्ह्या मुलांसाठी वीस दुपटी हवी होती, पांढऱ्याशुभ्र मलमलीची. आत्या हरखली आणि लगेच अडली. काळ्या पट्ट्यावर पांढरं कापड कापलं की कडेला काळी रेघ उठायची. ती म्हणाली, "तुमच्या बियाण्याच्या कारखान्यात पांढरा पट्टा असतो म्हणं. त्याचा जुना तुकडा मागून आण. नख रोवून पाह्य. वाकवून पाह्य. ठोकून पाह्य. वाजला तं ठेवून ये."

कारखान्यातल्या फोरमनला नुसतं विचारायचं होतं. तो ओळखीचा होता, हसून दिलाही असता. पण मला लाज वाटली. साहेब लोकांच्या देखत भंगार मागायचं, आणि तेही कशाला, तर आत्याला गोधड्या कापायला! मी दोन आठवडे टाळलं. मग एका संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून पांढऱ्या प्लास्टिकची जाड, चकचकीत पाटी घेतली. ठोकून पाहिली नाही. नख लावलं नाही. दिसायला छान होती.

रविवारी दुपारी धावड्याला पोचलो. दादा मळ्यात होते, आई मागच्या अंगणात डाळ पाखडत होती. आत्यानं कागद सोडला, पाटीवर नख रोवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई रे रुतत."

"नवी आहे आत्या. चार दिवसांत मऊ पडते."

"कापून पाह्यली?"

"दुकानदारानं माझ्यासमोर ब्लेडनं कापून दाखवली," मी म्हणालो. दुकानदारानं मला फक्त सुटे पैसे दिले होते.

तिनं रापीची मूठ उचलली, ठोकून पाहण्यासाठी, आणि मध्येच थांबली. "तू शिकलेला," ती म्हणाली. "तू म्हणतोस तं असंल बराबर." एवढ्या वर्षांत तिनं परीक्षा पुरी न करता घेतलेली ती एकच वस्तू. माझ्या शब्दावर घेतली.

सहा पदर मलमल अंथरली. पंजा दाबला. रापी टेकवली आणि ओढली. पट्ट्यावर कापताना 'कच्च' असा दबका आवाज यायचा. त्या दिवशी ताटावर नख ओढावं तसा आवाज आला. पातं पाटीवरून घसरलं आणि तिरकं डाव्या अंगठ्याच्या मुळात गेलं. आम्ही दोघंही क्षणभर नुसते मलमलीकडे बघत होतो. ती इतकी पांढरी होती. मग इतकी लाल.

तिनं हात पदरात गुंडाळला आणि "वहिनी, ओ वहिनी" अशी हाक मारत उंबऱ्याकडे गेली. आता पुढचं. मी तिच्यामागं धावलो नाही. मी पाटी कापडाखालून ओढली, धान्याच्या कोठीमागं सरकवली, भिंतीशी उभा असलेला काळा पट्टा आणून तिथं पसरला आणि रक्ताची मलमल त्यावर टाकली. हे सगळं माझ्या हातांनी किती झटपट केलं! मी आजही या हातांकडे पाहतो आणि थक्क होतो. कुणी शिकवलं होतं त्यांना? मान वर केली तर आत्या उंबऱ्यात उभी होती. वळून बघत होती. तिनं पाटी जाताना पाहिली आणि पट्टा येताना पाहिला. मग आई धावत आली आणि ओरडाआरडा सुरू झाला.

जीप करून भोकरदनला नेलं, तिथून औरंगाबादला. अंगठा वळवणारी शीर तुटली होती. टाके घातले, पण गोधडीत दोरा घालताना कापड ज्या चिमटीत धरायचं ती चिमूट पुन्हा झाली नाही. दवाखान्यात विचारलं, कसं झालं? मी जमिनीकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "कापताना." बस्स. घरी दादांनी तो पट्टा पाहिला. "या काळ्यानं घात केला, अन् या रापीनं. मी पहिल्यापासून सांगून राह्यलो व्हतो!" रापी त्यांनी विहिरीत फेकली आणि पट्टा गोठ्यामागं. मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. पुढच्या रविवारी मी पाटी पोत्यात गुंडाळली आणि जालन्याच्या रस्त्यावरच्या एका नाल्यात टाकून दिली.

तिनं मला कधी जाब विचारला नाही. मी येई तेव्हा चहा पुढं करायची, उजव्या हातानं. गावात मात्र बोलणं पसरत गेलं: रापीआक्काच्या पट्ट्यानंच तिचा अंगठा खाल्ला. तिच्याकडे पाहून ज्या बायकांनी पट्ट्याचे तुकडे आणले होते, त्यांनी ते पायपुसण्याला टाकले. एकदा, फक्त एकदा, ओट्यावर बसलो असताना ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "पट्ट्याचं नाव खराब झालं रे." मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "निघतो. ऊन होईल."

सहा-सात वर्षं गेली. बायकांचा बचत गट झाला आणि गोधड्यांचं काम सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं. खाली काय घ्यायचं ते ठरवायला बायका आमच्या ओट्यावर जमल्या. मी योगायोगानं गावी होतो. गटाची अध्यक्ष सरूबाई म्हणाली, "सनमायका लावलेली फळी घ्यावी म्हणते. चकचकीत, अन् पुसायला सोपी."

तीच पाटी, दुसऱ्या नावानं.

"पट्टा घ्या," आत्या म्हणाली.

"आक्का, राग नका मानू," सरूबाई अवघडून म्हणाली. "त्या पट्ट्यानंच तुमचा अंगठा नेला ना?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखं. "याला विचारा," ती म्हणाली. "हा तवा तिथंच व्हता."

दहा-बारा बायका माझ्याकडे वळल्या. याहून सोपी संधी माणसाला मिळत नाही. मी म्हणालो, "मला... नीट आठवत नाही."

हे माझे शब्द. मीच बोललो. आत्यानं मान खाली घातली, वाकडा अंगठा उजव्या मुठीत धरला, आणि मग मान वर करून स्वच्छ आवाजात म्हणाली, "मंग मी सांगते. पट्ट्याचा दोष बिलकुल न्हाई. माझा हात चुकला. ध्यान न्हवतं, हात चुकला. तुम्ही पट्टाच घ्या. फळीवर एकीचाबी हात ठेवू नका."

एक पोरगेली बाई हसली. "आक्का, तुमीच म्हणत व्हत्या, हात चुकत न्हाई!"

"म्हणत व्हते," आत्या म्हणाली. "चुकतो."

आयुष्यभर जे एक वाक्य तिनं जपलं होतं, ते तिनं त्या दिवशी चारचौघींत मोडलं. त्या बायकांचे हात वाचावेत म्हणून, आणि माझं तोंड बंद राहावं म्हणूनही. बायकांनी पट्टा घेतला. निघताना मी पाया पडलो. ती म्हणाली, "जल्दी निघ. उन्हं चढतील." माझंच वाक्य होतं ते.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी ती गेली. दादाही गेले, पट्ट्याला दोष देतच.

मागच्या महिन्यात धावड्याला गेलो होतो. बचत गटाचं काम अजून चालतं. सरूबाईच्या ओट्यावर पट्टा अंथरलेला होता आणि ती, आता पिकल्या केसांची, एका नव्या सुनेला शिकवत होती. "पंजा मागं धर पोरी. रापीआक्कासारख्या बाईचा हात चुकला, तिथं तू कोण?" सून हसली आणि तिनं पंजा मागं घेतला. मी चपला हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. सरूबाई म्हणाली, "या ना भाऊ, बसा." मी बसलो, आणि जे इथं लिहिलं ते तिला सांगितलं. सून कापायची थांबली. सरूबाई उठून आत गेली, आणि पुन्हा बाहेर आली नाही.

आत्याचा हात चुकला नव्हता. खाली पट्टा नव्हताच. खाली मी आणलेली पाटी होती, आणि नख रुतत नाही, हे तिनं मला सांगितलं होतं.