टाकीपासून पंपापर्यंत

आमचा ट्रक सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागला, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. जुना ट्रक. बाबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होते. बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि ट्रकचा कारभार माझ्याकडे आला. त्याआधी मी भिवंडीत एका गोदामात कॉम्प्युटरवर बसायचे. ट्रकमधलं मला काहीच कळत नव्हतं, आईलाही नाही. पण काका होते, म्हणून मी घाबरले नाही.

काका म्हणजे आमचे ड्रायव्हर. नात्याचे नव्हेत, खारबावजवळच्या आमच्याच गावातले. बाबांबरोबर ते वीस वर्षं होते. बाबा आजारी पडल्यावर रोज संध्याकाळी ट्रक दारात लावला, की ते ओट्यावर बाबांच्या शेजारी बसायचे. बशीत चहा ओतून बाबांच्या तोंडाला लावायचे, ओठांच्या कडेनं ओघळलेला चहा आपल्या रुमालानं पुसायचे. माझ्या सख्ख्या चुलत्यांपैकी कुणी हे केलं नाही.

शिमगा झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत ते सुरू झालं. काका चावी फिरवायचे, इंजिन नुसतं घरघरत राहायचं. पांढरा धूर यायचा, मग तोही थांबायचा. काका खाली उतरून बॉनेट उघडायचे.

"बाय, लायनीनं हवा धरलीय. काय न्हाय, काढतो."

डिझेल गाडीच्या लायनीत, म्हणजे टाकीतून डिझेल आणणाऱ्या पाइपात, हवा शिरली, की इंजिन सुरू होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. फिल्टरवरचा एक स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग स्वच्छ डिझेलची धार लागते. तेव्हा स्क्रू आवळायचा. पुढे पुढे सकाळी हे काम मीच करू लागले. हाताला डिझेलचा वास दिवसभर राहायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

पण हवा काढून सुरू केलेली गाडी दुपारी चालता चालता बंद पडायची. कापडाच्या गाठी भरून लूमच्या कारखान्यातून निघालो, की अंजूरफाट्याच्या गर्दीत, नेमकं सगळ्यांच्या मधोमध. मागून हॉर्न, शिव्या. मी खाली उतरून ट्रॅफिक हवालदाराची बोलणी खायची आणि काकांनी पंप मारायचा.

आमचे मिस्त्री भिवंडीतले. त्यांना मी चाचा म्हणायचे. लूमच्या खडखडाटात त्यांचं गॅरेज होतं. बोलणं इतकं हळू, की कान तोंडाशी न्यावा लागे. त्यांनी फिल्टर बदलला, बॅटरी पाहिली, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप उघडून त्याचे वॉशर बदलले. दोन दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. टाकी भरलेली असली की त्रास कमी आणि अर्ध्याच्या खाली गेली की जास्त, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते थबकले.

"फिर तो पीछे की लाईन देखनी पड़ेगी."

काका लगेच म्हणाले, "टाकीपासून पंपापर्यंत मी सोता बघलंय चाचा. तिथं काय न्हाय. तुम्ही पुढचं बघा."

वीस वर्षं ती गाडी चालवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर चाचांनी पुढचं पाहिलं. इंजेक्टर काढून तपासायला दिले. तीन दिवस गाडी उभी राहिली. चौथ्या दिवशी ती गॅरेजच्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली.

आदल्या संध्याकाळी काका ओट्यावर म्हणाले होते, "ही मानसं मुद्दाम अर्धं काम ठेवतात बाय. परत यायला पायजे ना गिऱ्हाईक." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मी तशीच गल्लीत मागे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर चाचांना म्हणाले, "काम येत नसेल तर सांगा. फसवू नका."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "गाडी ले जाओ, बेटी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दुसऱ्या एका गॅरेजमध्ये महिनाभर चकरा झाल्या. फरक शून्य.

मग वज्रेश्वरीच्या रस्त्यावरचा तो चढ. गाडी भरलेली, मी काकांच्या शेजारी. अर्ध्या चढावर इंजिननं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. काकांनी ब्रेक दाबेपर्यंत ट्रक हातभर मागे सरकला. मागून शाळेच्या मुलांनी भरलेली रिक्षा किंचाळल्यासारखा हॉर्न वाजवत कडेला गेली. मी उडी मारली, रस्त्याकडेचा दगड उचलून चाकामागे लावला. वर केबिनमध्ये आले तर काका अजून ब्रेकवर पाय रोवून, स्टिअरिंग धरून बसले होते.

"काका, काय नाही झालं. सगळी ठीक आहेत," मी म्हणाले. त्यांची पाठ थोपटली. हो, मीच त्यांची पाठ थोपटली.

दोन दिवसांनी काका अकलोलीला लेकीकडे गेले होते. मी मन घट्ट करून चाचांकडे गेले आणि म्हणाले, "मी चुकले. एकदा घरी येऊन गाडी बघा." ते मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी लावून आले.

त्यांनी एका कॅनमध्ये डिझेल घेतलं, त्यात पारदर्शक नळी सोडली आणि तिचं दुसरं टोक थेट फीड पंपाला जोडलं. टाकीही नाही, टाकीपासून येणारा पाइपही नाही. हवा काढली. मी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू! तासभर आम्ही ते चालू ठेवलं, रेस केलं, बंद करून पुन्हा सुरू केलं. नळीत एक बुडबुडा नाही.

"इंजन में कुछ नहीं है," चाचा म्हणाले. "जो है, पीछे है."

ते ट्रकच्या मागच्या बाजूला वळले आणि ओट्यावरून बाबा ओरडायला लागले. शब्द कळेनात. डावा हात नुसता हलवत होते. पाणी हवंय असं समजून मी पेला नेला, तर त्यांनी तो हातानं उडवला.

"बेटी, इधर आओ."

मी चाचांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले. टाकीच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, पाइपवर काळी टेप गुंडाळली होती. चाचांनी ती सोडवली. आत पितळेचा एक जोड, त्याला छोटी तोटी, तोटीला बोटभर रबरी नळी.

"इसमें से डिझेल निकालते हैं. बाहर टपकता नहीं, क्योंकि पंप खींचता है ना, तो उलटा हवा अंदर लेता है." मग म्हणाले, "गाड़ी बिगड़े कितने महीने हुए?"

मी आठवलं. शिमग्यानंतर लगेच मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं होतं. डिझेल लवकर संपतंय असं वाटलं म्हणून. चावी माझ्याच कमरेला. मनात काकांचा संशयही नव्हता. नाक्यावरचे भुरटे असतील, असं मी काकांनाच म्हणाले होते आणि कुलूपही त्यांच्यासोबत जाऊन आणलं होतं.

काका दुसऱ्या दिवशी आले. मी तो जोड त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहतायत.

"रोज सकाळी माझ्याकडून हवा काढून घेत होता तुम्ही," मी म्हणाले. "चढावर ती पोरं मेली असती."

"काढनार होतो बाय. त्या दिवसापासून काढनारच होतो."

"का केलंत?"

त्यांनी जोड माझ्या हातात परत दिला. मग ओट्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या बापाला इचार." आणि निघून गेले.

मी बाबांना विचारलं. बाबांना एक वाक्य बोलायला तेव्हा पाच मिनिटं लागायची आणि मी ती सगळी मिनिटं समोर बसून राहिले. कळलं ते असं: खूप वर्षांपूर्वी वंजारपट्टी नाक्यावर बाबांच्या हातून एका माणसाच्या पायावरून चाक गेलं होतं. पोलिसांत काकांनी सांगितलं की गाडी मी चालवत होतो. केस त्यांनी आपल्या नावावर घेतली, कोर्टाच्या खेपा त्यांनीच घातल्या. तेव्हापासून काका टाकीतून थोडं डिझेल घ्यायचे आणि बाबा पाहून न पाहिल्यासारखं करायचे. माझ्या कुलपानं ती वाट बंद झाली, म्हणून काकांनी दुसरी केली.

"तुम्हाला जोड माहीत होता?"

बाबांनी मान हलवली. हो. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी ओळखलं होतं. काकांना विचारलं होतं. काका म्हणाले होते, काढतो.

म्हणजे रोज संध्याकाळी मी ज्यांना चहा करून द्यायचे, त्या दोघांनाही ठाऊक होतं. मी स्क्रू सैल करत होते, रस्त्यात शिव्या खात होते, चाचांना चोर ठरवून आले होते. ओट्यावर बसून दोघं पाहत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तू... काढलं... असतंस... त्याला."

"हो, काढलंच असतं," मी म्हणाले आणि आत गेले. रोज मी भरवायचे; त्या दिवशी बाबांना आईनं जेवू घातलं.

चाचांनी जोड काढून अखंड नवा पाइप टाकला. त्यानंतर गाडीनं कधी कुरकुर केली नाही. चार गिऱ्हाइकं असताना मी गॅरेजमध्ये जाऊन माफी मागितली. चाचा म्हणाले, "हो गया, बेटी." पण त्यांनी चहा मागवला नाही. पूर्वी मागवायचे.

काका पुन्हा ओट्यावर आले नाहीत. मी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. या असंही म्हटलं नाही. बाबा संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायचे. मला त्यांची दया यायची आणि त्या दयेचा रागही यायचा. काकांनी बाबांसाठी केलं ते खरं होतं. माझ्याशी केलं तेही खरं होतं. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकत्र बसत नाहीत.

गेल्या महिन्यात नव्या ड्रायव्हरबरोबर मी वज्रेश्वरीकडे चालले होते. समोरून दुसऱ्या कुणाचा तरी टेम्पो आला, चालवायला काका. रस्ता अरुंद होता. त्यांनी टेम्पो कडेला घेऊन आम्हाला वाट दिली आणि खिडकीतून हात वर केला. केस पूर्ण पिकले होते.

मी हात वर केला नाही. घरी आल्यावर बाबांनी, वाटेत कोण भेटलं, असं रोजच्यासारखं विचारलं. मी म्हणाले, "कोणी नाही."