चाकू बघून

दत्ताभाऊ एसटीत कंडक्टर आहेत. कवठे महांकाळच्या बाजूची गाडी घेऊन कराडला आले की स्टँडसमोरच्या आमच्या संघटनेच्या छोट्या ऑफिसात पाणी प्यायला डोकावतात. गेल्या दीड वर्षात त्यांनी मला दोनदा एकच निरोप दिला होता, "म्हाळाप्पा म्हनत्यात, चाकू घिऊन ये." दोन्ही वेळा मी मान हलवली आणि हातातल्या कागदात पुन्हा डोकं घातलं. सहा आठवड्यांपूर्वी ते तिसऱ्यांदा आले, ते पाणी न पिता नुसतेच उभे राहिले. म्हणाले, "आप्पा गेलं. काल सकाळी. भट्टी पेटवाय वाकलं ते तसंच..." पुढचं त्यांनी हातानं दाखवलं. गाडीची वेळ झाली होती. दारातून वळून म्हणाले, "आक्कांनी सांगितलंय, चाकू घिऊन ये."

चाकू माझ्या टेबलाच्या तळच्या खणात होता, आमच्याच एका पत्रकात गुंडाळलेला. मी तो उलगडला. पातं तसंच लखलखीत, बोरीच्या लाकडाची जाडजूड मूठ पहिल्या दिवसाइतकीच फिकट. त्या फिकटपणाचा अर्थ मला माहीत होता, आणि आप्पांना तो दुरूनही कळला असता.

मी पत्रकांवर वाढले. इस्लामपुरात आमच्या दोन खोल्यांपैकी एक कायम कागदाच्या गठ्ठ्यांनी भरलेली असायची. वडील मजकूर लिहायचे, आई घड्या घालायची, आम्ही भावंडं चौकात वाटायला उभी राहायचो. इतर मुलं फळा, कमळ वाचायला शिकली, मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. अन्याय दिसला की आधी त्याचा मथळा सुचायचा, ही सवय अजून गेलेली नाही, आणि ती सगळीच वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका बाजारगावात आठवडा बाजाराच्या जागेवर दुकानगाळे बांधायचं घाटत होतं. कुंभार, बुरूड, दोरखंडवाले, चपला शिवणारे, सगळ्यांना गावाबाहेर ओढ्याच्या कडेला बसायला सांगितलं होतं. पत्रक काढायचं ठरलं आणि माहिती गोळा करायला मी गेले. तिथे चिंचेखाली पोतं अंथरून म्हाळाप्पा बसलेले होते. पुढ्यात गिऱ्हाइकांचे तयार झालेले सात-आठ चाकू, प्रत्येक लाकडी म्यानात. गिऱ्हाईक आलं तरी उठायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "हात दाखव."

धनगराच्या घरातला माणूस. ऐन तारुण्याची वर्षं मेंढरांमागे चालण्यात गेली, मग सांगलीत ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे ठोकणाऱ्या दुकानात राहिले आणि लोखंडाच्या नादी लागले ते कायमचे. मोडक्या पाट्याचा तुकडा आणायचा, भट्टीत लाल करायचा, ठोकायचा, तेलात विझवायचा. हे मी लिहून घेत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, लोखंड कुणालाबी ठोकता येतं, चाकू लाकडात असतो. बाजार उलगल्यावर ते मला वस्तीवर घेऊन गेले. आक्का, म्हणजे त्यांची बायको, उंबऱ्यात बसून काचेच्या तुकड्यानं काहीतरी खरवडत होत्या. मी वही उघडून भट्टीकडे गेले.

त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. चाकू ते कच्च्या मुठीचा द्यायचे, मुद्दाम जाड ठेवलेल्या, तेल न लावलेल्या. चार महिने वापरून परत आणायचा. तेवढ्या दिवसांत घामानं, कांद्यानं, मातीनं लाकूड जिथे हात पडतो तिथे काळपट होतं, जिथे पडत नाही तिथे पांढरं राहतं. मग जिथे टोचतं तिथे काचेनं तासायचं, पांढरं राहिलेलं उतरवायचं, आणि करडईचं तेल पाजायचं. मेंढपाळ अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवतो, द्राक्षाची कलमं करणारा पेनासारखा धरतो, एका बाईनं करंगळी कायम बाहेर ठेवलेली, हे सगळं ते मुठीवरून वाचायचे. मूठ ठरली की मगच म्यान पुरं व्हायचं, कारण म्यानाचं तोंड मुठीला येऊन भिडतं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या दोन फाका, आतून पात्याच्या मापानं कोरलेल्या, सरसानं चिकटवायच्या. शेवटी परीक्षा... चाकू म्यानात घालून, उलटा धरून, स्वतःच्या अनवाणी पायावर हलवायचा. निसटला नाही तर गिऱ्हाइकाच्या हातात. मी विचारलं, कधी निसटला का? त्यांनी अंगठ्याचं दुभंगलेलं नख दाखवलं आणि म्हणाले, "एकदाच. तवापास्नं म्यान नीट व्हाया लागलं."

निघताना त्यांनी माझा हात उलटापालटा करून पाहिला. बोटावरची शाई पाहून हसले. एक कच्च्या मुठीचा चाकू दिला, वर वर्तमानपत्र गुंडाळून. "निम्मी मूठ तू करायची, निम्मी आमी. चार महिन्यांनी ये." 

चार महिन्यांनी मी गेले, पण चाकू न घेता. माझ्या हातात पत्रकाचा कच्चा खर्डा होता. चिंचेखाली दोन मेंढपाळ आणि शेजारचा दोरखंडवाला बसले होते. मी उभं राहून मोठ्यानं वाचलं. आप्पांचं नाव होतं, गाव होतं, खोल गेलेले डोळे होते, व्यवस्थेच्या ओझ्यानं वाकलेला कणा होता, विझत चाललेली भट्टी आणि तिच्यापुढे शेवटचे श्वास मोजणारी कला होती. आप्पांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग विचारलं, "ह्यातला म्हातारा कोन?"

"तुम्हीच की, आप्पा."

"मी व्हय? लय वाईट वाटलं गड्या त्याचं. कुनीतरी भाकरी द्या त्याला."

सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, पत्रक वाचून माणूस हलला पाहिजे, म्हणून असं लिहावं लागतं. आप्पा हसायचे थांबले. "जागा माग की पोरी. आमी बी येतो मागाय. पर जागा मागाय माझं डोळं कशाला खोल घालवलंस?" मी काहीतरी उत्तर देत होते, तर म्हणाले, "चाकू कुठं हाय?"

"ऑफिसात."

"वापरला?"

"वेळ नाही झाला. लिहीत होते."

"काय लिहीत हुतीस?"

"तुमच्यावर."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की मेंढपाळांसमोर माझी फजिती झाली आहे. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला तुमची गुलामी कळत नाही, म्हणून आम्हाला लिहावं लागतं." हे वाक्य मी कुठल्याशा पुस्तिकेतून उचललं होतं. चिंचेखाली कुणी हसलं नाही. आप्पांनी कानस खाली ठेवली, दोरखंडवाल्याला म्हणाले, हिला चहा सांग, आणि एका म्यानावर सरस लावायला वळले. मी चहाला थांबले नाही.

पत्रक तसंच छापलं, एक अक्षर न बदलता. मोर्चाला आप्पा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, नवा पटका, ताठ चाल, पहिल्या रांगेत. गावातला एक बातमीदार पत्रक हातात घेऊन त्यांच्याच शेजारी उभा राहून विचारत होता, ह्यातले म्हाळाप्पा आले नाहीत का? आप्पा शांतपणे म्हणाले, "आलं असतील मागं कुठंतरी." मी दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी पुढे होऊन म्हटलं नाही की, हेच ते. गाळ्यांचं काम त्यानंतर अडलं, अजून अडलेलंच आहे, बाजार चिंचेखालीच भरतो. तो मोर्चा बरोबर होता. त्यातली मागणी बरोबर होती. पण माणसाची दया उभी करून मागितलेली जागा ही त्याच्या हक्काची जागा राहत नाही, हे साधं कलम मी लिहायला विसरले होते, आणि ज्यानं ते दाखवलं त्याला गुलाम म्हणाले होते.

मग निरोप आले. चाकू घेऊन ये. मला वाटलं, दिलेली वस्तू परत मागतायत. म्हातारा मनात धरून बसलाय. मला जाऊन चार शब्द बोलायचे होते, पण चाकू परत द्यायला लागेल म्हणून मी गेले नाही. आज हे लिहिताना लाज वाटते. कुणाकुणाच्या दारात बेधडक जाऊन जाब विचारणारी मी, एका कच्च्या मुठीला भ्यायले.

आप्पा गेल्यावर चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेले. भट्टीवर पत्रा टाकलेला होता. आक्का उंबऱ्यातच बसल्या होत्या. त्यांनी चाकू घेतला, गुंडाळलेलं आप्पांवरचं पत्रक सोडवलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि मूठ उन्हात धरली.

"कोरीच हाय की."

"हो."

त्या आत गेल्या आणि सुतळीनं बांधलेल्या दोन फाका घेऊन आल्या. पांगाऱ्याचं लाकूड, आतून कोरलेलं. मी माझं पातं त्यात ठेवलं, चपखल बसलं. दोन वर्षांपूर्वी दिलेल्या पात्याचं माप त्या माणसाच्या ध्यानात होतं. फक्त तोंडाकडे दोन बोटं लाकूड जास्त सोडलेलं, आणि तिथे पेन्सिलीनं आप्पांच्या अक्षरात दोन शब्द, ‘चाकू बघून’. मूठ पाहिल्याशिवाय तोंड कापता येणार नव्हतं. एवढ्यासाठी निरोप होता.

मी आक्कांना सांगितलं, मला वाटलं परत मागतायत. त्या म्हणाल्या, "परत घिऊन काय करायचं हुतं त्यांना? दर बाजाराला ह्या फाका पिशवीतनं न्यायचं. म्हनायचं, आज येईल पोरगी." मला रडू आवरेना. त्यांनी रडू दिलं. मग मी म्हटलं, आता हे कोण पुरं करणार? आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला खरंच माहीत नाही का.

"मुठी कोन तासत हुतं वाटलं तुला?"

"आप्पा."

"त्यांचं लोखंड, अन मुठीवरच्या खुना. लाकूड माझं. म्यान बी माझं. पायावर हालवायची हौस तेवढी त्यांची." मग घडी केलेल्या पत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या कागदात मी न्हवतेच. बरं झालं. न्हाईतर माझं बी डोळं खोल घालवलं असतंस."

आम्ही दोघी हसलो, आप्पांच्या भट्टीसमोर, चौथ्या दिवशी. माझ्या वहीत पहिल्या भेटीची अकरा पानं आहेत. त्यात ‘उंबऱ्यात बायको, काहीतरी खरवडते आहे’ एवढी एक ओळ आहे. बायकांच्या न मोजलेल्या कष्टांवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत.

चाकू त्यांनी माझ्या हातात परत दिला. "चार महिनं वापर. काम कर त्यानं. मग ये, तोंड कापू."

आता तो खणात नसतो. सकाळी त्यानं कांदा चिरते, दुपारी ऑफिसात त्यानंच पत्रकांच्या गठ्ठ्यांची सुतळी कापते. मूठ टोचते, तर्जनीच्या मुळाशी एक फोड येऊन फुटून गेला. नव्या पत्रकात आक्कांचं नाव घालायचं होतं, म्हणून मागच्या बाजाराला जाऊन आधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. म्यानाच्या फाका खिडकीत आहेत, अजून सुट्याच. रात्री चाकू धुऊन पुसताना मूठ दिव्याखाली धरून बघते. अंगठ्याखाली चिंचोक्याएवढा डाग पडलाय. बाकी अजून बरीच पांढरी आहे.