हौसाबाई बऱ्या झाल्या

हौसाबाई बऱ्या होऊ लागल्यात, हे मला कळलं त्यांनी मला शिव्या घातल्या तेव्हा. त्याआधी कित्येक आठवडे मी अंबरनाथला बुवापाड्यात त्यांच्या खोलीवर जात होते, एकटीच बडबडत होते, आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. त्या दिवशी नेहमीसारखं विचारलं, "आजी, आज कसं वाटतंय?" तर मान न वळवता म्हणाल्या, "ह्या भवानीला घरदार हाय का न्हाई? सारखी मढं बगाया येती." मला अस्सा आनंद झाला! त्यांची सून मंदा मोरीत भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनीच धावत आली. "ताई, बोलल्या! आत्या बोलल्या!" तान्ह्या पोरानं पहिला शब्द काढावा तशी हरखली होती बिचारी.

मी तेव्हा उल्हासनगरच्या एका इस्पितळात समाजसेविका होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमचे मानसोपचाराचे डॉक्टर सिंधी, तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पातच वाढलेले, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी. म्हाताऱ्या माणसांच्या उदासीवर काय उपाय चालतो, याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला होता. म्हातारं माणूस जेवेना, बोलेना झालं की घरचे म्हणायचे, वय झालं. हे ऐकलं की डॉक्टर असे भडकत की बाहेर बाकावरचे पेशंट दचकायचे. "वय झालं म्हणजे क्या? वयाला गोळी नसते बाबा, पण आजाराला असते ना!" साठीच्या पुढची माणसं त्यांनी निवडली. निम्म्यांना नुसतं औषध आणि निम्म्यांना औषधाबरोबर मी. म्हणजे मी दर आठवड्याला घरी जायचं, त्यांना बोलतं करायचं, रोज एखादं काम करायला लावायचं. त्यानं जास्त फरक पडतो का, ते बघायचं होतं. हौसाबाई माझ्या वाट्याला आल्या.

त्यांना दवाखान्यात आणलं ते मंदानं. तिचा नवरा शंकर कारखान्यात पाळीला. तो म्हणाला होता, आईचं आता वयच झालं. मंदानं सासूला रिक्षात घालून आणली. मंदा वांगणीच्या पलीकडची, शेतकऱ्याची पोर, भाताच्या मुलखातली. हौसाबाई साताऱ्याकडच्या, ज्वारीच्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, तर खडी फोडून, पाट्या वाहून त्यांनी शंकरला वाढवलं होतं. मंदा डॉक्टरांना म्हणाली, "आधी माझ्या हातचं नाक मुरडून का होईना, खायच्या. आता कुणाच्याच हातचं खात नाय. त्यांना बऱ्या करा ना." भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, म्हणून ही तांदळाची पेज करून चमच्यानं भरवायची. न्हाऊ घालायची, जटा झालेले केस तेल लावून सोडवायची, आणि गोळी दिली की जिभेखाली लपवली नाही ना हे तोंड उघडून बघायची. स्वतःच्या आईचं कुणी इतकं करत नाही हो.

शिव्यांची बातमी सांगितली तेव्हा डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "वा! फर्स्ट क्लास! जशीच्या तशी लिहा, बाई."

मग हौसाबाई उठून बसल्या. मी त्यांच्यापुढं सुपात तांदूळ ठेवले, म्हटलं रोज एवढे निवडायचे. एकदा निवडता निवडता आपणहून बोलायला लागल्या. "दुखत काय न्हाई बगा त्यात. पर घास मातीवानी लागतो. ल्योक म्होरं हुबा ऱ्हायला तरी आपला वाटत न्हाई. आन ह्ये सांगायचं म्हंजे त्वांड उगडाया लागतं, तेवढं बी व्हत न्हाई." मी थक्क झाले. इतकी पुस्तकं वाचली होती, पण त्या आजाराच्या आतून कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या बाईचा फार लळा लागला.

आणि मग त्यांची जीभ पूर्ण बरी झाली. बाई गं, काय जीभ! शेजारीण नुकतीच विधवा झालेली, तिला म्हणाल्या, "सुटला त्यो. तुज्या तोंडाकडं किती वरसं बगायचं मानसानं?" मला म्हणाल्या, "तू दिसाया बरी न्हाईस, पर शिकल्याली वाटतीस. तेवढ्यावर भागव." आणि वर हे ठरलेलं: "मला खोटं बोलाया येत न्हाई, येवढाच माजा दोष." मी हसायची. मंदा हसत नव्हती, कारण मी तासाभरानं निघून जायची आणि ती तिथंच राहायची. मुलगी झाली यावरून बोल, माहेरावरून बोल. एकदा आमटीचं पातेलं सरळ मोरीत ओतलं, सगळ्यांसाठी केलेली आमटी. शंकर मान खाली घालून कोरडी भाकरी खात बसला.

मी डॉक्टरांकडे गेले, म्हटलं हे काय होऊन बसलं? ते कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "आजार गया, बाई. ही हौसाबाई जशी पहिली होती, तशी परत आली. स्वभावाची गोळी माझ्याकडे नाही."

तरी मुंबईचे डॉक्टर आमचं काम बघायला आले, तेव्हा पुढं बसवल्या त्या हौसाबाईच. अभ्यासातली सगळ्यांत चांगली केस! हिरवं नऊवारी, ठसठशीत अंबाडा, पाठ ताठ. अंबाडा मंदानंच घातला होता, आणि ती शंकरबरोबर मागं उभी होती. एका मोठ्या डॉक्टरांनी प्रेमानं विचारलं, "आजी, कशानं बरं वाटलं?"

"बरी कशानं झाले ते नगा इचारू. आजारी कुनी पाडली ते इचारा." आणि बोट मंदाकडं. "भाकरी खानारी बाई मी. हिनं मला म्हैनं न् म्हैनं प्येज पाजली, प्येज! उपाशी मारत व्हती मला. ल्योक कामावर, कुनाला सांगू?"

मी ओरडलेच, "आजी, ती पेज होती म्हणून तुम्ही जगलात!" पण शंकर बायकोकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेतच सगळं आलं. डॉक्टरांनी त्याला आत नेऊन समजावलं, मी समजावलं. आईच्या शब्दापुढं कुणाचं काय चालतंय! त्याच आठवड्यात मंदाला माहेरी पाठवलं. तीन वर्षांची मुलगी हौसाबाईंनी ठेवून घेतली. "प्वार माज्या लेकाची हाय."

काही महिन्यांनी मी वांगणीला उतरून मंदाच्या गावी गेले. ती पडवीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. "मंदा," म्हटलं, "मी आले." तिनं बघितलं, पण ओळख दिली नाही. वहिनी म्हणाली, जेवत नाय, न्हात नाय, रडत पण नाय; भगताला दाखवलं, बाधा आहे म्हणतो. डॉक्टर म्हणाले, "अभ्यासात बसत नाही, वय कमी आहे. पण मरू दे तो अभ्यास, तिला ओपीडीत आणा, मी बघतो." आणणार कोण? भाऊ म्हणाला, नवऱ्यानं न्यावं, त्याची बायको. आणि शंकर आईनं सांगितल्याशिवाय बूटही घालत नव्हता.

म्हणून मी हौसाबाईंकडं गेले. जगात एक बाई अशी आहे जिला हे आतून ठाऊक आहे, ती नाही म्हणायची नाही, असं मला मनापासून वाटत होतं. त्या नातीची वेणी घालत होत्या. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला झालं होतं तेच मंदाला झालंय."

वेणीतला हात थांबला. "जेवती?"

"नाही."

"रडती?"

"रडूही येत नाही तिला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा मऊ झाला होता, शप्पथ सांगते. "त्येच हाय मग," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ असतं त्ये." मला वाटलं, जिंकले मी.

मग त्यांनी आत हाक मारली. "शंकऱ्या, भाईर ये. ह्या ताई काय सांगत्यात ऐक. मंदीच्या डोक्यात बिगाड झालाय, दवाखान्यातल्या बाईच सांगत्यात. आता काडीमोड घ्याया कुनाच्या बापाची भीती न्हाई. मामाला निरोप धाड, म्हनावं दुसरी पोरगी बग."

"आजी, काय बोलताय हे! तोच आजार तुम्हाला होता. तुम्ही बऱ्या झालात, तीही होईल!"

"झाले की बरी." त्यांनी नातीच्या वेणीला रिबीन बांधून गाठ घट्ट ओढली. "माजं करायला सून व्हती, बाई. तिचं कोन करनार हितं? मी?"