पित्ताचं मला विचारा

आमच्या घरात आजाराची कारणं दोनच, पित्त आणि वात. वात सासूबाईंकडे होता. त्या गेल्यावर तोही माझ्याकडे आला, पण माझा मूळ विषय पित्त. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. लेकीला बारावीचा फिजिक्सचा पेपर अवघड गेला तेव्हाही मी पित्तालाच धरलं होतं. जावा-नणंदा फोन करून सल्ला घेतात आणि मी, पनवेलच्या एका शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं दाखले लिहिणारी बाई, बेधडक औषध सांगते.

लेक खारघरला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचा विषय पेशीच्या आतली आम्लता. तिने जेवताना एकदा पानातली कोशिंबीर सरकवून मला समजावलं होतं. पेशीत सगळीकडे आंबटपणा सारखा नसतो म्हणे. केर जिरवायच्या इवल्या पिशव्या असतात, त्या आतून चांगल्या आंबट. बाकीच्या पेशीला मात्र तो आंबटपणा सोसत नाही, ती सतत आम्ल बाहेर ढकलत बसते. कर्करोगाच्या पेशी तर इतकं बाहेर टाकतात, की आजूबाजूचा शेजार नासतो. आमची लेक पेशींत चमकणारा रंग सोडते आणि कुठे किती आंबट ते मोजते.

मी सगळं ऐकून घेतलं आणि नातेवाइकांत जाहीर केलं, "ती अ‍ॅसिडिटीवर पीएचडी करते."

तेव्हापासून लग्नकार्यात लोक तिला कोपऱ्यात गाठून छातीतली जळजळ सांगतात.

"आई, मी पोटावर काम करत नाही गं!"

"अगं, पण आम्लच ना ते?"

मागच्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही उरणला एका साखरपुड्याला गेलो. घरी आलो आणि यांना उलट्या सुरू झाल्या. यांना साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. शरीर स्वतःचं जवळपास बनवतच नाही, एकही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मी तोवर निदान करून मोकळी झाले होते. जेवायला उशीर, त्यात मसालेभात. पित्त. मी कोकम सरबत केलं. साखर घालून. अंगात त्राण नको का?

संध्याकाळी यांनी फ्रिजच्या दारातून इन्सुलिनचं पेन काढलं.

"घेऊ का गं?"

"पोटात अन्नाचा कण नाही आणि इन्सुलिन कसलं घेताय? साखर उतरली तर पडाल कुठेतरी. उलट्या थांबेपर्यंत राहू दे."

त्यांनी पेन परत ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझं एवढ्या पटकन कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती नेहमी मैत्रिणींबरोबर खारघरलाच राहते. "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "पित्त झालंय, पडलेत." ती म्हणाली, "पडू दे मग," आणि तिच्या सूक्ष्मदर्शकाकडे गेली. त्या दिवशी ते घटाघटा पाणी पीत होते. मी म्हटलं, बरं आहे, पित्त धुऊन निघेल. तोंडाला अननस जास्त पिकल्यासारखा वास येत होता. मी विचारलं, "चोरून काय खाल्लंत?" त्यांनी रिकामा तांब्या पुढे केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पलंगावर बसून श्वास घेत होते. नुसते बसलेले, आणि श्वास मात्र किल्ला चढून आल्यासारखा, खोल आणि भराभर. "अहो, एवढी धाप लागायला काय झालंय? नाटकं पुरे!" हे माझे शब्द. ते मी इथे लिहून ठेवते आहे, कारण दुसरी काही शिक्षा मला सुचत नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं नाही.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "ताई, काय झालंय यांना?" माझ्या तोंडून सवयीने "पित्त" निघालं. तो म्हणाला, "पित्त नाय वाटत ओ हे," आणि एसटी स्टँडजवळच्या गर्दीत हॉर्नवरचा हात उचललाच नाही.

हॉस्पिटलात मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं. अतिदक्षता विभागातली डॉक्टर लेकीच्याच वयाची. चिठ्ठी हातात घेऊन म्हणाली, "काकू, रक्तात आम्ल खूप वाढलंय."

खरं सांगते, मला क्षणभर हायसं वाटलं. म्हटलं, "म्हणजे अ‍ॅसिडिटीच ना?"

तिने माझ्याकडे कसं पाहिलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

लेक धावत आली तेव्हा मी तिला चिठ्ठीवरचा पीएचचा आकडा सांगितला. "सहा पॉइंट नऊ आहे. सात पॉइंट चार असायला हवं म्हणे. अर्ध्या मार्काचा तर फरक."

तिचा चेहरा उतरला. "आई, तो आकडा असा मोजायचा नसतो. अर्धा खाली म्हणजे आम्ल तिप्पट." ती बाकावर बसली. "इन्सुलिन नसलं की पेशीला साखर मिळत नाही. मग शरीर चरबी जाळतं, त्यातून आम्ल होतं. एवढ्या आम्लात हृदयाचा स्नायूसुद्धा नीट काम करत नाही. बाबा धापा टाकत होते ना? फुप्फुसं ते आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला बघत होती." मग हळूच म्हणाली, "फोनवर नुसतं सारखं पाणी पितायत म्हणाली असतीस, तरी मला कळलं असतं. पित्त म्हणालीस, आणि मी पण ऐकून सोडून दिलं."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आली. "काकू, इन्सुलिन नियमित चालू होतं ना?"

मी म्हटलं, "हो."

कसं निघालं तोंडातून, देव जाणे. एवढी वर्षं सगळ्या घराला औषधं सांगितली, तो सगळा मान त्या एका अक्षराला लटकून होता.

"चालू असताना इतकं?" तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग कुठेतरी मोठा जंतुसंसर्ग असणार. पोटाचं स्कॅन करायला खाली न्यावं लागेल. या अवस्थेत हलवणं धोक्याचं आहे, पण..."

लेक माझ्याकडे बघत होती. "आई."

"काय?"

"मी विचारत नाहीये. तू सांग."

आत ते श्वास घेत होते. काचेच्या दारातून छाती वरखाली होताना दिसत होती. मी डॉक्टरच्या हाताला धरलं. "मी बंद केलं. दोन दिवस. ते घेणार होते, मीच नको म्हटलं. वर साखर घालून सरबत दिलं."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "शेवटचं नक्की कधी?" आणि मी सांगितलेली वेळ लिहून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे कारण मिळालं. सध्या हलवत नाही. इन्सुलिन आणि सलाईन चालू आहेच, दर दोन तासांनी रक्त बघू."

त्या दिवशी दुपारभर आम्ही चिठ्ठ्यांची वाट बघितली. सहा पॉइंट नऊ पाच. मग सात. पुढे त्यांचा श्वास मंद झाला. मी आनंदाने उठले, तर लेकीने मला खाली बसवलं. "आम्ल कमी झालं तरी श्वास मंद होतो. माणूस थकला तरी होतो. चिठ्ठी आल्याशिवाय कळणार नाही."

ती वीस मिनिटं. माझ्या लेकीने चार वर्षं पेशीतलं आम्ल मोजलंय, पण त्या बाकावर तिला माझ्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. ती नखं कुरतडत होती आणि मी तिचा हात खाली ओढत होते, पाच वर्षांची असताना ओढायचे तसा.

सात पॉइंट एक पाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले, मला नावाने हाक मारली. मी ठरवूनच आत गेले होते. म्हटलं, "अहो, पित्त नव्हतं ते. इन्सुलिन मी बंद केलं म्हणून झालं सगळं. माझ्यामुळे जात होतात तुम्ही."

ओठ कोरडे पडले होते, बोलायला वेळ लागला. "मला शंका आली होती," ते म्हणाले. "पण तू नको म्हणालीस ना. म्हटलं, तुला कळतंय." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले, अगदी निर्धास्त.

मला त्यांना हलवून जागं करायचं होतं. सांगायचं होतं, असा विश्वास नका हो ठेवू माझ्यावर. पण नर्सने खुणेने मला बाहेर काढलं.